तिसऱ्या मजल्यासाठी वॉशिंग मशीन

आम्स्टरडॅम, शनिवार

प्रिय फेना हिस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याची सूज उतरली असेल, तुझ्या यजमानांचा, ओबेंचा, खोकला गेला असेल आणि तुमच्या मेंढ्यांनी कोबीच्या वाफ्यात शिरणं सोडलं असेल, अशी आशा करते. (यातली एखादी गोष्ट खरी असली तरी कळव. तिन्ही खऱ्या आहेत असं लिहिलंस तर माझा विश्वास बसणार नाही.) मी उत्तम आहे. जिने चढते, उतरते, मध्ये थांबत नाही. थांबले तर ते खिडकीतून कालवा बघायला.

माझं वॉशिंग मशीन बंद पडल्याचं कळवलं तर तू दोन भविष्यं वर्तवलीस : नवं न घेता वापरलेलं घेशील तर फजिती होईल, आणि फजिती झाली की तरी तिसरा मजला सोडून आमच्या गावी, अंगणाकडच्या खोलीत राहायला येशील. त्यावर आपली पैज लागली. मशीनचं सगळं मी एकटीनं निभावलं तर त्या खोलीचा विषय कायमचा बंद. नाही निभावलं तर मी मुकाट्यानं सामान बांधायचं. म्हणून घडलं ते सविस्तर लिहिते. काही भाग गाळावा असं फार वाटलं, पण जन्मभर मी भूमिती शिकवली आणि मधल्या पायऱ्या गाळणाऱ्यांचे गुण कापले, तेव्हा आता इलाज नाही.

मशीन होतं मारलूस नावाच्या एका बाईचं. नवऱ्याबरोबर पोर्तुगालला चालली होती, म्हणून विकत होती. मी टेप, सपाटी तपासायची लेव्हलची नळी आणि मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन गेले. (चालवून न बघता यंत्र घेणं म्हणजे सिद्धता न मागता प्रमेय मान्य करणं.) आधी टॉवेल धुतले. मग लोकरीचे कपडे कसे निघतात ते बघायला माझ्या हिवाळ्यातल्या लांब लोकरी चड्ड्या घातल्या. बाईनं कॉफी दिली, पाहुण्याला एकच या आपल्याकडच्या रीतीप्रमाणे एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. चड्ड्यांच्या वेळची कॉफी बिस्किटाविना आली. शेवटी म्हणाली, "आजी, मशीन घेताय की राहायलाच आलाय?" मी म्हटलं, फिरताना आवाज करतं, किंमत कमी करा. "आवाज तुम्हीही करता," ती म्हणाली, "मी तुमची किंमत कमी केली का?" मला अशी माणसं आवडतात. सांगितलेल्या किमतीला घेतलं. मात्र या वादावादीत चड्ड्या आतच राहिल्या, हे लक्षात ठेव.

आता प्रश्न वर न्यायचा. आमचा जिना तुला माहीत आहे, जाडजूड पाहुणासुद्धा तिरका होऊन चढतो. तेव्हा मशीन इतर सगळ्या सामानासारखंच यायचं : छपराखालच्या आकड्याला कप्पी, कप्पीतून दोर आणि खिडकीतून आत. दोर-कप्पी भाड्यानं देणारा बारेंड आला. त्यानं वर पाहिलं, शेजारच्या घरांकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"मॅडम, तुमचं घर सरळ आहे की हो!"

"मग काय वाकडं हवं होतं?"

"हो," बारेंड म्हणाला.

इथे मला एक जुनी हकिगत सांगायला हवी. आमच्या कालव्यावरची घरं रस्त्याकडे किंचित झुकलेली असतात, ती म्हातारपणानं नव्हे. वर चढणारं सामान भिंतीवर आपटू नये, म्हणून बांधणाऱ्यांनी ती तशीच बांधली. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण आमची पुढची भिंत नव्यानं बांधायची वेळ आली आणि गवंड्यानं विचारलं, पहिल्यासारखी झुकती की सरळ, तेव्हा घरमालकांच्या सभेची अध्यक्ष मी होते, आणि काटकोन समोर आला की मला बाकीचं काही आठवत नाही. विरोध केला तो फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या ओल्फर्ट काल्फनं. (पियानोचे सूर लावायचा, आता निवृत्त. विधुर. जिन्यात सायकल ठेवतो.) तो म्हणाला, "बाई, घरानं जरा वाकलेलं बरं असतं." मी इतिवृत्तात लिहिलं, 'श्री. काल्फ यांचा आक्षेप भावनिक.' तेव्हापासून आमचं बोलणं जिन्यात चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतूनच चालायचं.

बारेंड परत निघाला होता. मी त्याला थांबवलं आणि पायऱ्यांवर उभी राहून बलांचा त्रिकोण समजावला : एक दोर तो ओढेल, दुसरा मशीनला बांधून मी खालून रस्त्याकडे ताणून धरेन, म्हणजे मशीन भिंतीपासून लांब राहील. "त्रिकोण बरोबर असेल, मॅडम," तो म्हणाला, "पण त्याच्या एका टोकाला तुम्ही आहात." तरी त्यानं ओढलं. पहिल्या मजल्यापर्यंत गणित चोख होतं. दुसऱ्या मजल्याशी वारा आला, मशीन गिरकी खाऊन भिंतीवर आपटलं, त्याचं दार उघडलं आणि माझ्या लोकरी चड्ड्या एकामागून एक कालव्यावर उतरल्या. खालून प्रवाशांची काचेची बोट चालली होती. एक चड्डी तिच्या छतावर पसरून बसली. बोटीवरच्या मुलीनं ध्वनिक्षेपकावर तिची माहिती चार भाषांत दिली. (जर्मनमध्ये सर्वांत सविस्तर.) शरमेनं मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दोन्ही हातांनी, फेना. दोर त्याच हातांत होता.

मशीन सरळ ओल्फर्टच्या खिडकीत शिरलं. मला सल्ला द्यायला म्हणून त्यानं ती सताड उघडून ठेवली होती, आणि आत झुललेलं मशीन त्यानं अक्षरशः कवेत घेतलं. तो आणि मशीन दोघेही गालिच्यावर बसले. कुणाला खरचटलं नाही. बारेंडनं दोर गुंडाळला. "आत गेलेलं मी बाहेर काढत नाही," एवढंच म्हणाला आणि गेला. मी वर धावले. ओल्फर्ट गालिच्यावरूनच म्हणाला, "इथे नळ आहे. जोडू का?" मी म्हटलं, तात्पुरतं.

तेव्हापासून सोमवारी मी टोपली घेऊन एक जिना उतरते. कपडे फिरतात तोवर बसावं लागतं, आणि माणूस बसला की कॉफी आलीच. पहिल्या सोमवारी त्यानं एक बिस्किट दिलं आणि झाकण लावलं. पुढच्या सोमवारीही तेच. गेल्या सोमवारी त्यानं डबा माझ्यासमोर ठेवला आणि झाकण लावलंच नाही. मी वाट पाहिली. नाहीच लावलं. आपण ज्या घरात वाढलो तिथे पाद्रीबाबांसमोरही डबा उघडा राहत नसे, तेव्हा याचा अर्थ तुला सांगायला नको.

सारांश, मशीन मी निवडलं, मी आणलं, कपडे स्वच्छ निघतात. एका मजल्याची चूक मोजमापात चालते. पैज मी जिंकले, खोलीचा विषय संपला.

तुझी थोरली बहीण,
कोर्नेलिया

ता. क. ओल्फर्टनं मध्यस्थी केली नसती तर मशीन फुटलं असतं, तेव्हा 'एकटीनं' या शब्दावर तू अडशील. अड. अर्धी हार मान्य.

ता. क. २. या वयात खालच्या मजल्यावर राहावं, हे तुझं म्हणणंही विचारांती पटलं. पुढच्या महिन्यापासून पत्रं याच घराच्या दुसऱ्या मजल्यावर पाठव. मशीन फिरताना अजून आवाज करतं. ओल्फर्ट म्हणतो, मशीनचा आणि माझा सूर एकच आहे, लावायची गरज नाही.

ता. क. ३. आता मुद्द्याचं. आमच्याकडे सगळंच दोन दोन झालंय. माझा फ्रिज तुम्ही घ्या. खालचा खण तडकलेला आहे आणि मधूनच कण्हतो, हे आधीच सांगते. तो खिडकीतून उतरवावा लागेल, तेव्हा ओबेंना गाडी घेऊन पाठव आणि खालचा दोर त्यांनीच धरायचा. तू अंगणाकडची खोली झाडून ठेव. उन्हाळ्यात आम्ही दोघं येतोय. आणि बिस्किटांचा डबा झाकायचा नाही.