राजाला नदी ओलांडता येत नाही

माय, माझी बारावीची परीक्षा संपली होती त्या दिवसांतली ती दुपार. नवीन जालन्यात बियाणांच्या कंपनीत असलेल्या काकांकडून माझ्या मैत्रिणीनं एक मोठा खोका आणला होता. आत जाड पुठ्ठ्याचा नकाशा: जंगल, डोंगर, दलदल, नदी आणि मधोमध काळा किल्ला. प्रत्येकीला एक राजा, एक राक्षस, एक चेटकीण, सहा शिपाई. आपला राजा सगळ्यांच्या आधी किल्ल्यात न्यायचा. खेळ चौघींचा, आणि आपल्या तीर्थपुरीच्या घरात मी आणि माझ्या दोन मैत्रिणी, आम्ही तिघीच. तू चुलीपाशी भाकरी थापतेयस. खोका आणणारी मैत्रीण म्हणाली, "काकू, या ना तुम्ही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुला कशीबशी सही तेवढी यायची, तू काय खेळणार?

पिठाचे हात पुसत तू आलीस. नियम एकदाच ऐकलेस. "राक्षस दोन घरं, बाकीचे एक. बराबर?" मग सोंगट्यांना हात न लावता कितीतरी वेळ नकाशाच बघत बसलीस. लग्नाआधी मेंढरांमागं मुलखभर चाललेली तू. पण जमिनीकडं असं बघताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं. तू सहाही शिपाई जंगलात उघडे सोडलेस. आम्ही हसत हसत त्यांच्यावर राक्षस घातले. पाचवा शिपाई मेला तेव्हा कुठं दिसलं, आमचे तिन्ही राक्षस जंगलात खोल गेलेत आणि तुझा राजा नदीकाठी उभा आहे. नदी ओलांडली की किल्ला.

"लांडगा खायला लागला की त्याला दुसरं काई दिसत न्हाई, पोरींनो," तू म्हणालीस.

मी नियमांचं इंग्रजी पुस्तक उचललं आणि त्यावर बोट ठेवून म्हणाले, "राजाला नदी ओलांडता येत नाही." मैत्रिणी माझ्याकडं बघत राहिल्या.

"असं लिव्हलंय?"

"हो."

"मंग बराबर." तू राजा मागं घेतलास.

मग आम्ही तिघी मिळून तुझ्यावर चालून आलो. तू चेटकीण घाटात बसवून आमची वाट बंद केलीस. आणि राजाला दलदलीतून, जिथून कुणी जाईल असं आमच्या मनातही आलं नव्हतं, एकेक घर चालवत, डोंगरात नदी जिथं उगम पावते तिथं वरून वळसा घालून, मागच्या बाजूनं किल्ल्यात नेलंस. "चला जल्दी, भाकरी गार होऊन राह्यल्या," म्हणालीस आणि उठलीस. आम्ही तिघी तशाच बसून. माझी आई कोण आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि ते मी तुला कधी सांगितलं नाही.

तू जाऊन अकरा वर्षं झाली. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. पुस्तकात तसा नियम नव्हता, माय. माझं बोट पानाच्या कोऱ्या जागेवर होतं, आणि तू त्या बोटाकडंच बघत होतीस.