जिना चढणारं करडू

७ जून
चि. ढमीस, मावशीचे भरभरून आशीर्वाद.
तुमच्या संशोधन केंद्राच्या गोठ्याचं एका कोपऱ्यातलं छप्पर दुरुस्त होईपर्यंत तू माझ्याकडे सोपवलेलं करडू मजेत आहे. तू त्याला बावीस नंबर म्हणतेस, मी छोटू म्हणते. पण आता ते नाव शोभत नाही. मांड्या अशा भरल्यात की शेजारच्या शिंपीकाकांनी विचारलं, ह्याला कुस्तीची चड्डी शिवून देऊ का. तुझा कंपाउंडर दर आठवड्याला येऊन सुई टोचून जातो. वाढीचं हार्मोन भलतंच गुणकारी दिसतंय. माझ्या गुडघ्यांना थोडं चालेल का?
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मावशी

१० जून
ती. मावशीस, साष्टांग नमस्कार, तोही घाबरत घाबरत.
अगं, छोटूला हार्मोन मिळतच नाही! फरक कळावा म्हणून अर्ध्या करडांना हार्मोन देतो, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. तो मिठाच्या पाण्यातला. बाटल्यांची अदलाबदल झाली असेल तर माझी तीन वर्षांची मेहनत वाया. माझे मार्गदर्शक सर काल बोलले नाहीत. आज बोलले, ते न बोलते तर बरं होतं.
हार्मोनमुळे यकृत रक्तात आणखी एक द्रव्य सोडतं आणि अंगभर स्नायूंचे तंतू जाड होतात. म्हणून मान आणि खांदेही मोज, बाकीच्या करडांची मापं सोबत लिहून पाठवतेय. रक्त घ्यायला कंपाउंडरला पाठवते. आणि खरं सांग, त्याला केक भरवतेस का?
रागावलीस तरी लोभ असू दे.
ढमी

१३ जून
चि. ढमीस, आशीर्वाद, आणि धीर धर.
केक एकदाच, तोही माझ्या हातून पडलेला. मान नि खांदे तू दिलेल्या मापाइतकेच आहेत, फुगल्यात त्या मांड्याच. मला एकच सुचतं. मी चष्मा आणायला तिसऱ्या मजल्यावर जाते, वर गेले की कशाला आले ते विसरते, खाली आले की आठवतं, पुन्हा वर. दिवसभर हेच, आणि तो माझ्या मागे. मिशनच्या शाळेत सिस्टर माझ्या डोक्यासाठी वेगळी प्रार्थना करायच्या, ती वर पोचली नसावी. माझ्यामुळे तुझं काही बिघडलं का गं? जेवण गोड लागत नाही.
काळजीत असलेली,
मावशी

१७ जून
ती. मावशीस, नमस्कार आणि एक पापा.
पोटभर जेव. रक्तात हार्मोन नेहमीइतकंच आहे, बाटल्याही बरोबर. माझी मेहनत वाचली! कामानंही तंतू जाड होतात, पण ज्या स्नायूला काम पडतं त्याचेच. तुझा जिना ऐकून सर हसले. त्यांना दात आहेत हे प्रथमच कळलं. मात्र बाकीची करडं गोठ्यात बसून असतात, तेव्हा हा पैलवान तुलनेतून बाद. इथे आता त्याला जागा नाही. तू ठेवशील का?
माझ्यावरही थोडा लोभ शिल्लक ठेव.
ढमी

२० जून
चि. ढमीस, दोघांचे आशीर्वाद.
शाळेच्या शर्यतीतून मला बाद केलं होतं, तेव्हा तुझी आई स्वतःची शर्यत सोडून माझ्याशेजारी गवतात येऊन बसली होती. आपल्याकडे बाद झालेल्यापाशी कुणीतरी बसतंच.
तुझं पत्र मी ‘ठेवशील का’ इथवर वाचलं, पुढचं छोटूनं खाल्लं. त्यात विचार बदलल्याचं काही लिहिलं असशील तर आता ते पोटात गेलंय.
येत जा गं.
तुझी मावशी