अकोल्याचं वळण

अमरावती, ८ डिसेंबर १९५८

गं. भा. इहीणबाई मनकर्णाबाई यांस, सौ. पार्बताबाईचा सा. न. वि. वि.

तुमचे गुडघे आता कमी दुखत असतील, असं धरून चालते. तुमची नात वच्छला आमची सून होऊन वर्ष होत आलं. कामाला चपळ, हाताला चव. पण एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. भाकरी टाकायला बसली की पहिली भाकर ती स्वतःच्या ताटलीत घेते आणि चुलीपाशीच खाऊन टाकते. मग पुरुषांची पानं वाढते! विचारलं तर म्हणते, आजीनं शिकवलंय, चुलीपाशी जो भाजून निघतो त्याचा पहिला घास.

तिची आई बाळंतपणात गेली, तुम्हीच तिला वाढवलं, हे ठाऊक आहे. पण मुलगी म्हणून वाढवलंत की पाटील म्हणून, एवढंच कळत नाही. आमच्याकडे बायका शेवटी जेवतात. मी लग्न झाल्यापासून तशीच जेवते आहे. आमचे हे अजून बोलले नाहीत, पण मिशा हलायला लागल्या आहेत. तिला चार शब्द लिहावेत.

लोभ आहेच, तो हे पत्र वाचल्यावरही राहावा.

सौ. पार्बताबाई


जुने शहर, अकोला, १३ डिसेंबर १९५८

सौ. इहीणबाईंले मनकर्णाबाईचा नमस्कार, अन् रामरावांच्या मिशांलेही.

तुमचं पत्र वाचून मी एकटीच हसत बसली. शेजारीण डोकावून गेली, बुढीले काय झालं म्हणून.

वच्छला माझ्याकडे आली तवा लहान होती, अन् आमचे मालक नुकतेच गेले होते. त्यायच्या राज्यात मीही शेवटीच जेवत होती. भाजी उरली तर भाजी, नाही तर मीठ. ते गेल्यावर भाकरी टाकायले बसली, तर वाट पाहायले घरात पुरुषच नाही. पहिली भाकर कोणाले वाढावी, समजेना. पोरगी समोर ताटली घेऊन बसली होती. दोघींनी अर्धी अर्धी खाल्ली. इहीणबाई, सारा जन्म भाकरी टाकल्या, पण गरम भाकर कशी लागते ते मले त्या दिवशी समजलं. मी तिले शिकवलं असं नाही. आमी दोघी संगंच शिकलो.

चार शब्द लिहा म्हणता, तर पोरीले लिहितो: एकीच्या जागी दोन खात जा. तुमचे दात एवढ्या गार भाकरी खाऊन शाबूत आहेत, याचं मात्र मले कौतुक वाटते.

लोभ करा, पण ताजा करा.

मनकर्णाबाई


अमरावती, २० जानेवारी १९५९

गं. भा. मनकर्णाबाईंस, सा. न. वि. वि.

तुमचे चार शब्द टपालात हरवले असते तर बरं झालं असतं. संक्रांत झाल्यावर मोर्शीहून माझ्या नणंदेच्या सासरचे पाहुणे आले. मला ताप होता, तरी स्वयंपाक माझ्याच हातचा हवा, असा यांचा हुकूम. पाहुणे पाटावर बसले. वच्छलानं पहिलं ताट वाढलं आणि नेऊन माझ्यापुढे ठेवलं! सगळ्यांच्या देखत म्हणाली की, सासूबाई सकाळपासून उपाशी आहेत, त्या दोन घास खातील, तोवर पाहुण्यांनी हात धुवावेत. पाहुण्यांनी निमूटपणे हात धुतले. त्यांनी ते आधीच धुतले होते.

पाहुणे गेल्यावर यांनी सांगितलं, पोरीला अकोल्याला पोचवा, वळण लागल्याशिवाय आणायची नाही. आमचा खुशाल, म्हणजे तिचा नवरा, खाली मान घालून उभा होता. शेवटी त्यानं तोंड उघडलं आणि विचारलं, गाडी किती वाजता असते. उद्या तो तिला घेऊन येतो आहे. हे पत्र त्याच्याच हाती देते.

मी ते ताट परत केलं नाही. का, ते विचारू नये.

सौ. पार्बताबाई


अकोला, २३ जानेवारी १९५९

सौ. इहीणबाईंले नमस्कार.

पोरगी पोचली. जावई दारातूनच मागं फिरत होते, त्यांले ओढून जेवायले बसवलं. चार भाकरी खाल्ल्या, अन् बाबांचा राग उतरला की न्यायले येतो म्हणाले. मी विचारलं, ती गाडी किती वाजता असते.

काल पहिली भाकर तिनं तव्यावरच जळू देली. मले एवढंच विचारलं, सासूबाईंचा ताप उतरला असेल का. तुमी ताट परत केलं नाही, हे तिनं पाहिलं आहे. मग तिले घराबाहेर काढलं तवा तुमी गप काहून बसल्या, हे तिले समजून नाही राहिलं. मलेही नाही.

लोभाचं तुमीच पाहा.

मनकर्णाबाई


अमरावती, ४ फेब्रुवारी १९५९

गं. भा. मनकर्णाबाई यांस, रामराव यांचा नमस्कार.

आपले पत्र आल्यावर आमच्या कुटुंबाने माझ्यादेखत चुलीपाशी बसून पहिली भाकर खाल्ली. दुसरीही खाल्ली. मग सून आणायला जाते, असे सांगून ती एकटी आपल्याकडे निघून आली. त्याला आठवडा झाला. येथे स्वयंपाक मी व खुशाल करतो. त्याचा हात भाजला आहे. डाळ शिजण्यास इतका वेळ लागतो याची मला कल्पना नव्हती.

सर्व बाजूंनी विचार करता वच्छलेस परत पाठविण्यास माझी हरकत नाही. कुटुंबासही पाठवावे.

लोभाची फेड समक्ष करू.

रामराव


अकोला, ८ फेब्रुवारी १९५९

रामराव इवाई यांले मनकर्णाबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. हरकत नाही, या शब्दांवर पार्बताबाई इतक्या हसल्या की ठसका लागला. वच्छला हसली नाही. ती म्हणते, मामाजी, म्हंजे तुमी, सोता न्यायले आले, घरी चल म्हणाले, तर येईन. हरकत नाही म्हणून येणार नाही. मी लय समजावलं. म्हटलं, म्हातारा माणूस आहे, एवढं लिहिलं हेच खूप झालं. ऐकत नाही. हे मी तिले शिकवलं नव्हतं. मले सोताले कधी जमलंच नाही.

तवा तुमी या. खुशालरावांले आणा, हाताले लोणी लावून देईन. आमी तिघी तयार आहोत. तिसरी मी. तुमच्याकडे किती दिवस राहीन, ते अजून ठरवलं नाही.

मनकर्णाबाई