टर्बोच्या मागचा पाईप

अण्णा, तुमच्यावर राग आला आहे म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग, असं कुणीही म्हणेल. पण दुकान तुमचं, हातातली कला तुमची, आणि गेल्या महिन्यात जे झालं त्यातही तुमचा वाटा आहेच. समोर असतात तर चांगली कडाकडा भांडले असते.

अंबडच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही मला सायलेन्सरचं काम शिकवलंत. पोरीच्या हातात वेल्डिंग कशाला, म्हणून आत्या कुरकुरली तेव्हा तुम्ही म्हणालात, "भाकरी बी जाळावरच करती ना ती?" गाडी चालू करून तुम्ही मागे उकिडवे बसायचात, नळीपासून जरा लांब तळहात धरायचात आणि डोळे मिटायचात. "इंजिनाचा दम बघ," म्हणायचात. धूर हाताला जोरात धडकला तर पाईप जाड, हलका लागला तर बारीक. मापाची पट्टी नंतर यायची, आधी हात. एकदा मी पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्याच्या पेट्रोल जीपला त्याच्या हौसेखातर भलामोठा पाईप लावला. आवाज असा की समोरचा चहावाला बाहेर येऊन बघायला लागला. जीप लगेच परत आली, क्रेट भरले की जागची हलेना. तुम्ही गिऱ्हाइकासमोरच मला झापलंत, "आवाज लय काढला बाई, पर दम गेला ना! मागं धूर जरा धरून ठेवावा लागतो." माझे कान लाल झाले. पण तुमचं बरोबर होतं. मी पाईप बदलला आणि जीप पुन्हा ओढायला लागली. तेव्हापासून तुमचं ते वाक्य माझ्या हाडात जाऊन बसलंय, आणि त्या जीपची गोष्ट मी घरात शंभरदा सांगितली आहे.

तुमची नात आता सिन्नरला नोकरी करते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. रोज गाडीने जा-ये. गाडी टर्बोची आहे. टर्बो तुमच्या वेळी आपल्या शेडमध्ये कधी आला नाही. इंजिनातून निघालेला धूर एक पंखा फिरवतो आणि तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, इतकंच. तिचा पाईप गंजून फुटला म्हणून गाडी माझ्याकडे आली. ती म्हणाली, "आई, टर्बोच्या मागे धरून ठेवायचं नसतं. धूर जितका मोकळा जाईल तितका पंखा लवकर फिरतो. तीन इंची पाईप गाडीखाली बसणार नाही, पण अडीच इंची नक्की घाल." मी हो हो म्हटलं. मग ती घरात गेली आणि मी मागे उकिडवी बसले. हात धरला. धूर मऊ लागला, आजारी माणसाच्या श्वासासारखा. मला वाटलं, दम कमी आहे. सगळे धक्के पंख्यानेच खाल्लेत, म्हणून हाताला मऊ लागतंय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी कंपनीच्या पाईपाहूनही बारीक पाईप बसवला आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सिन्नरला जाताना मोहदरी घाटात ती टँकरला ओलांडायला बाहेर निघाली. पाय दाबला, गाडी उठेचना. समोरून बस येत होती. कशीबशी ब्रेक मारून ती टँकरच्या मागे परत घुसली. काही झालं नाही. संध्याकाळी चहा घेताना तिने हे सांगितलं, आवाज न चढवता. मग म्हणाली, "आई, तू हात माझ्या गाडीला लावलास, पण बघत होतीस अण्णांच्या वेळची ती जीप."

ओरडली असती तर परवडलं असतं. मी दुसऱ्याच दिवशी तो पाईप कापून टाकला. टर्बोपासून शेवटपर्यंत अडीच इंची टाकला, पाईपाची वळणं सगळी मोठी घेतली, सायलेन्सरही त्याच मापाचा, आवाज होऊ नये म्हणून भरपूर लांब. गाडी मी स्वतः घाटात नेली. काय ओढते, अण्णा! तुम्ही शेजारी बसला असतात तर हसला असतात. आणि मला रडू आलं. तुम्हाला टर्बो माहीत नव्हता, ते मी समजू शकते. पण "माझं सगळ्या गाड्यांना लागू पडेलच असं नाय," एवढं तरी एकदा म्हणून जायचं होतंत. मी तुमचं बोलणं कधी तपासलंच नाही, कारण ते तुमचं होतं.

मुलगी गाडी बघून "मस्त झालंय गं" म्हणाली. पण तेव्हापासून ती एसटीनेच जाते. पार्किंगचा त्रास आहे म्हणते. मी तिला "गाडी घेऊन जा" म्हणायला हवं, कारण गाडीत आता खोट नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हणत मात्र नाही. तुम्हाला हे पोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे: सकाळी ती बसमध्ये चढली की मला हायसं वाटतं.