चाळीस फूट अलीकडे थांबलेली भिंत

मी, धोंडीराम सटवा शिंगे, वय ७२, धंदा गवंडीकाम (आता बंद), राहणार मळीवाडी, तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत. डोके जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. पुरानंतर गायरानात मिळालेला प्लॉट व त्यावरील दोन खोल्या पत्नी बाळाबाई हयात असेतो तिच्या. तिच्या पश्चात मुलगी सोनम हिच्या. मुलगा प्रसेनजीत याचे पुण्यात स्वतःचे घर आहे. त्याला हे मान्य आहे.

२. नदीकाठचे जुने घर. ग्रामपंचायतीच्या दप्तरी ते अजून माझ्या नावे आहे. चतुःसीमेत ‘पूर्वेस नदी’ असे लिहिले आहे. आज चारी बाजूंना नदीच आहे. देण्यासारखे काही उरले नाही, म्हणून ते कसे गेले तेवढे लिहितो.

१९९७ साली ग्रामपंचायतीने काठाला संरक्षक भिंत घातली. तिचा गवंडी मीच. घाटापासून निघालेली भिंत सरपंच गणपतराव यांच्या घरापुढून आली आणि आमच्या बौद्धवस्तीच्या चाळीस फूट अलीकडे थांबली. मी म्हणालो, “सरपंच, पाणी ह्या टोकाला वळसा घालून माती खाणार. पयलं माझंच घर हाय.”

“फंड संपला की, धोंडीराम. फुडच्या साली बघू.”

पुढच्या आठ पावसाळ्यांत माझे अंगण, न्हाणी आणि शेवगा गेला. अर्ज सात दिले. सातही अर्जांची पोच आहे.

२००५ च्या महापुरात भर दुपारी गुऱ्हाळातली उसाचा रस आटवायची काहील वल्हवत आम्हां नवराबायकोला न्यायला आले ते गणपतरावच. काहिलीत बसून मागे पाहिले. घर पडले नाही. काठाचा तुकडाच सुटला आणि घर उभेच्या उभे, दाराला कुलूप, पाण्यात उतरत गेले. घराच्या भिंतीला एक तडा नाही. चाळीस वर्षे मी ओळंबा लावून भिंती उभ्या केल्या, पण अख्खी जमीन इतक्या अलगद नेणारी ताकद पाहिली नव्हती. मी सहसा कुणापुढे हात जोडत नाही. त्या दिवशी राग यायच्या आधी ते जोडले गेले. बाळाबाई नदीकडे बघून एवढेच म्हणाली, “बाई, केवढी गं तू!” गणपतराव वल्हे मांडीवर घेऊन बसून राहिले.

३. थापी, ओळंबा, पाणसळ ही हत्यारे माझ्या हाताखाली शिकलेल्या गुंडूला.

४. सोनम आता ग्रामपंचायत सदस्य आहे. आपले घर गेल्यावरही वस्तीतल्या उरलेल्या अकरा घरांसाठी भिंत पुढे नेण्याचा ठराव तिने मंजूर करून घेतला. काम चालू आहे. माझ्यामागे विधींवर खर्च करू नये. दर पावसाळ्याआधी भिंतीचा पाया कुणीतरी उतरून बघावा.

५. गणपतरावांवरचा राग मी कुणाच्याही नावे करत नाही.

ठिकाण: मळीवाडी. दिनांक: १४ मार्च २००८.
सही: धो. स. शिंगे

साक्षीदार:
१) ज्ञानू भिवा कोळी (सही)
२) गणपतराव, माजी सरपंच (सही)

टीप: सही करण्यापूर्वी साक्षीदार क्र. २ यांनी सर्व वाचून घेतले. “एक ऱ्हायलंय,” ते म्हणाले. “फंड संपला न्हवता. मी माझ्या मळ्याच्या रस्त्याला वळवला. त्येबी लिवा.” त्यांच्या सांगण्यावरून लिहिले आहे.