डॉक्टरसमोर न येणारा खोकला

प्रति,
मा. भरपाई अधिकारी,
खाण कामगार छातीरोग कक्ष, चंद्रपूर

विषय : अर्जदाराचा खोकला डॉक्टरांसमोर येत नसल्याने फेरतपासणी त्याच्या राहत्या घरी करण्याबाबत.
संदर्भ : आपले ‘कामगार निरोगी आढळला’ हे पत्र.

महोदय,

१. अर्जदार मुखरू गोविंदा रामटेके, तालुका भद्रावती, हा भूमिगत कोळसा खाणीतील निवृत्त कामगार आहे. आपण त्यास निरोगी ठरवल्याबद्दल तो आभारी आहे. हे आभार त्याने मध्ये थांबून, दम खाऊन सांगितले, याची नोंद व्हावी.

२. खाणीत तपासणीच्या वेळी जो खोके, त्याला खाणीबाहेर वरच्या कामावर टाकत आणि त्याचा भूमिगत भत्ता जाई. म्हणून डॉक्टर येणार असे कळले की अख्खी पाळी तोंडात गुळाचा खडा धरून रांगेत उभी राही व खोकला गिळी. अर्जदार यात तरबेज होता. आता पांढरा कोट दिसताच खोकला आपणहून खाली बसतो. आपल्या वैद्यकीय मंडळापुढे तेच झाले. शेजारी उभी पत्नी मनकर्णा कळवळून म्हणाली, “आता तरी खोका ना जी, काऊन गिळून राह्यले?” तरी तो खोकला नाही. जिना उतरल्यावर मात्र फाटकापर्यंत खोकत गेला. तेथे तपासणारे कोणी नव्हते.

३. एक्स-रेवरील डाग चुलीच्या धुराचे, असे डॉक्टरसाहेबांचे मत पडले. वास्तविक अर्जदाराने जन्मात चूल फुंकलेली नाही. ती मनकर्णाने फुंकली, आणि तिची छाती ठणठणीत आहे.

४. सबब डॉक्टरसाहेबांनी कोट न घालता, न कळवता, पहाटे यावे व शेजारी धनराजच्या ओसरीवर बसून ऐकावे. धनराजची झोप याच खोकल्याने उडालेली असल्याने तो आनंदाने जागा देईल. चहा मनकर्णा करील, गॅसवर.

५. आपल्याकडील एका बाबूंनी मनकर्णास धीर दिला, “बाई, मानूस गेल्यावर छाती उघडून पाह्यते, मंग कोनी नाई म्हनत नाई.” हा मार्ग खात्रीचा आहे, हे अर्जदारास मान्य आहे. परंतु भरपाई त्याने ऑक्सिजनच्या यंत्राकरिता मागितली आहे. त्या दिवशी घरात ते कोणालाच लागणार नाही.

तोवर तग धरून असलेला,
आपला नम्र
मुखरू गोविंदा रामटेके
दिनांक : १२ जानेवारी २०२४

सोबत : १) एक्स-रे. २) शेजारी धनराज यांचे झोपेबाबतचे निवेदन.