माझे दात शाबूत आहेत

तीर्थस्वरूप दाजींना, दोन्ही हात जोडून (खांदे भरून आल्यामुळे जेमतेम जुळतात, पण भावना पूर्ण आहे) नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधीच माफी मागतो. माझ्या दातांची चौकशी करणारं तुमचं पत्र आणि सोबत पाठवलेली दंतमंजनाची बाटली मिळून बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला कितीदा तरी बसलो. दर वेळी 'दात आता बरे आहेत' एवढं लिहून पेन थांबायचं, कारण दात आधीही बरेच होते. खोटं लिहावं तर तुम्ही ते पकडणार. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून उभा जन्म घालवलेल्या माणसाला नुसत्या अक्षराच्या वळणावरून कळतं, की समोरचा तराजूला बोट लावतोय. आणि खरं लिहावं, तर तुम्ही काय म्हणाल या विचाराने मला घाम फुटायचा. फोन करावा म्हटलं, तर तुमचा नुसता 'हं' ऐकला तरी माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून हे पत्र. तुमचे गुडघे आणि ताईचा रक्तदाब ठीक असतील, असं धरून चालतो. ठीक नसतील तर पत्र उद्या वाचा. वाचायचंच असेल तर बसून वाचा.

तर खुलासा असा, की मी दाताच्या डॉक्टरांकडे जात नाही. म्हणजे रोज सकाळी त्यांना भेटतो, पण त्या वेळी ते चड्डीवर असतात. मी पोहायला शिकतोय.

(लिहिलं बुवा एकदाचं. तुम्ही पत्र खाली ठेवलं असेल, तर कृपया परत उचला.)

आता या वयात हे खूळ कुठून शिरलं, असं तुम्ही म्हणाल. खूळ जुनंच आहे. लहानपणी बरोबरीची सगळी पोरं पाण्यात उड्या मारायची आणि मी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. (पुढे शिंपी झालो, यात नवल ते काय.) पाण्याची भीती नव्हती, शर्ट काढायची होती. माझ्या फासळ्या मोजता यायच्या, आणि एकाने एकदा त्या खरोखरच मोठ्याने मोजल्या होत्या. पुढे फासळ्या झाकल्या गेल्या, पण तोवर पोट आलं. मधे कधीतरी चार लोकांत दाखवण्याजोगं शरीर असणारच, पण ते नेमकं केव्हा येऊन गेलं, हे कामाच्या गडबडीत माझ्या लक्षातच आलं नाही. मग आमच्या दुकानामागे पोहण्याचा तलाव बांधला. कापड बेतायच्या टेबलापाशी उभं राहिलं की भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज यायचा, आणि माझी कात्री आपोआप थांबायची. मुलाने दुकान हातात घेतल्यावर मला कामही उरलं नाही. एका सकाळी टॉवेल काखेत मारला आणि निघालो.

दारातच हिने विचारलं, "टॉवेल घेऊन कुठे?" खरं सांगावं तर ही काय म्हणेल, ही शेजारणीला सांगेल, शेजारीण काय म्हणेल, असे विचार एकदम मनात आले आणि तलावासमोरची दवाखान्याची पाटी डोळ्यांपुढे आली. म्हटलं, दाताच्या डॉक्टरांकडे. टॉवेल? रक्तबिक्त आलं तर असावा. रोज? रोज, मुळापासून करायचंय म्हणाले.

दाजी, एक थाप मारली की ती सांभाळायला किती खावं लागतं, आणि किती खाता येत नाही, हे मला त्यानंतर कळलं. हिने त्याच दिवसापासून माझं जेवण बदललं. मऊ शिजवलेलं, बिनतिखट, चावावं न लागणारं. पोहून आलं की भूक अशी लागते, की माणसाने टेबलाचा पाय खावा, आणि समोर काय, तर वाटीभर पातळ पेज. शेजारच्या ताटात मुलगा कुरकुरीत काहीतरी कराकरा चावतोय, आणि ही त्याला दटावतेय, "हळू खा रे, बाबांना वाईट वाटेल." माझे लाल डोळे, अंगाला येणारा तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा वास, घरी आल्यावर लागणारी झोप, सगळं तिने दातांच्या खाती टाकलं. मग तिने ताईला फोन केला, ताईने तुम्हाला सांगितलं, आणि तुमची बाटली आली. मंजन चांगलं आहे. त्या दिवसांत चव असलेली तेवढी एकच वस्तू माझ्या तोंडात जात होती.

तलावावर शिकवायला एक तरुण मुलगी आहे. गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून सगळे तिला शिट्टीबाई म्हणतात. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, की पोहण्याची चड्डी असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. आता ती विकत घ्यायची म्हणजे दुकानात जाऊन मागायची, आणि या वयात तोंड वर करून ती मागायची कशी? त्यापेक्षा हाताशी मशीन होतं. सुटाचं उरलेलं उत्तम कापड काढलं, आत अस्तर घातलं, कमरपट्टा ताठ राहावा म्हणून आत बकरम दिलं, बाजूला दोन खिसे, मागे एक, तोही बटणाचा. (पोहताना खिसे कशाला, असं तुम्ही विचाराल. दाजी, बिनखिशाचं वस्त्र माझ्या हातून शिवलंच जात नाही.) वर कडक इस्त्री करून घडी पाडली. घालून आरशात पाहिलं, तर वरून कुणी तरी बिचारा आणि खालून बँकेचा मॅनेजर.

ती घालून पाण्यात उडी मारली मात्र, आणि तिन्ही खिशांत हवा भरली. त्यामुळे माझा मागचा भाग वर तरंगायला लागला आणि डोकं खाली गेलं. वरून शिट्टीबाईचा आवाज येत होता, "आजोबा, तोंड कुठंय तुमचं?" ते मी तरी कसं सांगणार? मग हवा निघाली, त्या जागी पाणी शिरलं, अस्तर फुगलं, बकरम विरघळलं, आणि मला चौघांनी धरून बाहेर काढलं. एकाने मला धरलं होतं, बाकीच्या तिघांनी चड्डीला. शिट्टीबाईने तिचं टोक चिमटीत धरून पिळलं. मग म्हणाली, "ही चड्डी आहे की सोफ्याचं कव्हर?" आणि तिने स्वतः जाऊन मला एक साधी चड्डी आणून दिली.

पुन्हा इथे यायचं नाही असंच मी त्या दिवशी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी गेलो, ते केवळ घरी पेज समोर दिसत होती म्हणून. कमरेला टॉवेल गच्च धरून भिंतीआड उभा राहिलो, आणि तेव्हा मला एक विचित्र गोष्ट दिसली. मी भिंतीमागून डोकं काढलं, की काठावरची माणसं अचानक ताठ व्हायची. औषधांच्या दुकानाचे मालक मला बघताच पाण्याखाली जायचे आणि जाम वर यायचे नाहीत. बँकेतले साहेब श्वास ओढून धरायचे, इतका की त्यांचा चेहरा जांभळा पडायचा. दाताचे डॉक्टर तर टॉवेल छातीपर्यंत गुंडाळायचे. मला वाटलं, ही मंडळी मला हसतायत आणि हसू लपवायला हे उद्योग करतायत. शेवटी एकदा नळापाशी डॉक्टरांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "शिंपीमामा, ते मापाचं तेवढं इथे कुणाला बोलू नका हं."

कुठलं माप, ते मला आधी कळेचना. मग डोक्यात प्रकाश पडला. ही सगळी माझी गिऱ्हाइकं. आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती तुम्हाला पसंत पडणार नाही, पण सांगतो. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावायची, तोंडाने मोठ्याने 'चौतीस' म्हणायचं आणि कापडावर खडूने अडतीसची खूण करायची. गिऱ्हाईक खूश, पँट बरोबर, पुढच्या खेपेला पुन्हा आपल्याकडेच. इतकी वर्षं त्यातला प्रत्येक जण समजत होता, की ही सवलत फक्त आपल्याला आहे. ज्यांच्या धाकाने मी टॉवेल सोडत नव्हतो, ते माझ्या धाकाने श्वास सोडत नव्हते! मी डॉक्टरांना म्हटलं, तुमचं माप माझ्यापाशी, माझे दात तुमच्यापाशी. त्यांनी तिथल्या तिथे हात मिळवला. त्यानंतर बाजारात हिने त्यांना गाठून विचारलं, तेव्हा ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "वहिनी, अजून पुष्कळ काम बाकी आहे." (त्यामुळे पेजेची मुदत वाढली. मैत्री निभावताना माणसाने थोडं डोकंही वापरावं.)

टॉवेल सुटला आणि हातपाय हलायला लागले. पण मग शिट्टीबाईने जाहीर केलं, की वर्ग संपण्याच्या दिवशी प्रत्येकाने या काठावरून त्या काठापर्यंत एकट्याने पोहून दाखवायचं, आणि घरच्यांनी बघायला यायचं. घरच्यांना तर माहीतच नव्हतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं, दाजी. आयुष्यात मी अशा प्रत्येक वेळी मागच्या दाराने निघून गेलोय. सायकल शिकलो नाही, कारण पडताना लोक बघतील. मुलाच्या लग्नात सगळे नाचले, मी खुर्च्या मोजत होतो. या वेळीही पळालो असतो, तर मग पुन्हा कपडे सांभाळत काठावर बसायचं, ते थेट शेवटपर्यंत.

तो दिवस उजाडला. काठावर खुर्च्या मांडलेल्या, आणि पहिल्याच रांगेत, दाजी, आमची ही! मांडीवर भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी, आणि माझ्याकडे बघत एकेक दाणा फोडतेय. नंतर कळलं, की तिला सगळं आधीच समजलं होतं. ती परस्पर दवाखान्यात गेली होती, आणि तिथे तिला डॉक्टरांच्या डोक्याला तलावाच्या औषधाचा तोच वास आला जो माझ्या अंगाला येतो. तरी त्यानंतरही तिने मला कितीतरी दिवस पेजच घातली. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मला पण घेऊन गेला असतात तर काय बिघडलं असतं?"

माझं नाव पुकारलं. दात दुखतोय म्हणावं, तर डॉक्टर शेजारीच उभे! मी एकदा सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. जन्मभर ज्यांना भ्यालो ते 'लोक' त्यात कोण आहेत, हे शोधत होतो. औषधवाले पोट आत घेण्यात गुंतलेले, साहेबांचा श्वास कोंडलेला, बाकीचे आपापल्या माणसांना बघतायत. मग लक्षात आलं, रागावू नका, की माझ्या मनात लोक म्हणून जो चेहरा येतो, तो सगळा तुमचाच आहे. तीच मिशी, तोच चष्मा, तोच 'हं'. आणि तुम्ही तर तिथे नव्हताच. मी उडी मारली.

डोळे गच्च मिटून घेतले होते, कुणी दिसू नये म्हणून. हातपाय मारत राहिलो. नाकातोंडात पाणी गेलं, कानात शिट्टी वाजत होती, पण थांबलो नाही. शेवटी हाताला काठ लागला. वर आलो, तर समोर ही. मला वाटलं, कौतुकाने या काठावर धावत आली. ती म्हणाली, "अहो, निघालात तिथेच परत आलात की!" मधे कुठेतरी मी वळलो होतो म्हणे, सुंदर गोल वळण घेऊन. शिट्टीबाई म्हणाली, अंतर तेवढंच झालंय, पास! सगळे हसले, दाजी. अगदी पोट धरून हसले, म्हणजे इतके दिवस आत ओढलेली पोटं एकदम बाहेर आली. आणि मीही हसलो. हिने मुठीतले दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "घ्या, चावा आता."

आता ही बायकांच्या वर्गाला जाते. पहिल्या आठवड्यातच उताणी तरंगायला लागली, गप्पा मारत. मला अजून जमत नाही. चालायचंच.

असो. मोठ्यांपुढे जास्त बोललो असेन, तर पदरात घ्यावं. ताईला नमस्कार.

तुमचा (एवढी एक गोष्ट सोडून) आज्ञाधारक मेहुणा

ता. क. पत्राच्या मथळ्यात लिहिलंय ते आता खरं राहिलेलं नाही. त्या शेंगदाण्यांतल्या एका खड्याने माझी मागची दाढ तुटली. खरंच ठणकतेय. हिला सांगितलं, तर म्हणते, "पोहून झालं की या घरी."

ता. क. दुसरी गोष्ट अशी, की तलावावर साठीच्या पुढच्यांची चौघांची शर्यत आहे. मी, डॉक्टर आणि औषधवाले असे तिघे झालो. चौथा मिळत नाही. ताईने फोनवर सांगितलं, की लग्नाआधी तुम्ही नदी आरपार पोहून परत यायचात, आणि नोकरी लागल्यावर सोडलंत, कारण साहेबाला उघडं बघून दुकानदार काय म्हणतील! दाजी, ते दुकानदार आता दुकानात बसत नाहीत. मी शिट्टीबाईला तुमचं नाव देऊन बसलोय.

ता. क. चड्डी मीच शिवतोय. या वेळी कापड योग्य आहे, खिसा फक्त एक. प्रश्न मापाचा आहे. लग्नापासून तुमची कंबर बत्तीसच्या पुढे गेली नाही, असं तुम्ही सगळ्यांना सांगता, आणि तुमचा त्यावर विश्वासही आहे, कारण दर वेळी टेप लावून मीच मोठ्याने 'बत्तीस' म्हणत आलोय. खडूने काय लिहीत होतो, ते आता विचारू नका. पँटीत ते खपलं, पाण्यात खपणार नाही. ढगळ शिवली तर उडी मारताच ती वेगळी पोहत जाईल, घट्ट शिवली तर काय होईल ते लिहवत नाही. तेव्हा दाजी, ज्यांनी जन्मभर दुकानदारांकडून बरोबर माप घेतलं, त्यांनी कृपा करून ताईच्या हातात टेप द्यावी, श्वास सोडावा, आणि ती वाचेल तो आकडा जसाच्या तसा कळवावा. लवकर कळवा. कापड टेबलावर पसरून कात्री हातात धरून उभा आहे.